सातवं कलम

देवगडच्या कचेरीसमोर पत्र्याखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली करवंटी.
दस्त लिहितो. बत्तीस वर्षं झाली.

मासेमारीची बंदी उठायला अकरा दिवस होते,
तेव्हा द्वारका कोयंडे आली,
होडीचे कागद युरियाच्या पिशवीत गुंडाळून.
मागून तुळाजी तांडेल, छत्री न मिटता.
खुर्ची एकच. दोघंही बसले नाहीत.

होडी तिच्या नवऱ्याची, म्हणजे आता तिची.
समुद्र कोणाचाच नाही,
पण पाण्याखालच्या कुठल्या खडकाला काय म्हणतात
ते तुळाजीला ठाऊक.

पहिली चार कलमं सरळ गेली.
डिझेल, बर्फ, खलाशांचा शिधा आधी वजा,
उरेल त्याचे दोन भाग.
पाचवं उचलीचं. तो म्हणाला, साठ हजार.
ती म्हणाली, "चाळीस.
आणि तुझ्या झिलाची फी मी भरलेलंय, ता मी काढणय नाय."
काढत नाही म्हणून काढलीच.
तो कचेरीच्या कौलांकडे बघत राहिला.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
गप्प बसण्याचे पैसे माझ्या धंद्यात मिळत नाहीत,
पण निम्मं काम त्यातच होतं.
बावन्नवर आलं. आकडा कोणी उच्चारला
ते आजही सांगता येणार नाही.

सहावं: कालवणाचा मासा.
दर फेरीला एक, मालकिणीच्या घरी.
"खंयचो?"
"मी निवडीन तो."
"म्हणजे इसवण गेली माजी."
मी लिहिलं: मासा मालकिणीने निवडावा, सर्वांत मोठा सोडून.
हसलं कोणीच नाही,
पण छत्री मिटली.

मग सातवं. जाळं फाटलं तर?
खडकाला फाटलं तर भरपाई तांडेलाची, खडक त्याच्या ओळखीचे.
ट्रॉलरनं ओढून नेलं तर मालकिणीची.
डॉल्फिननं फाडलं तर...
इथे चहा मागवावा लागला.
डॉल्फिननं फाडलं तर जाळं तिचं, दोरा त्याचा.

"आणि कळलाच नाय तर?" द्वारका म्हणाली.
"रात्रीचा काय कळता?
जाळां वर येता, भोक दिसता.
कोणी केलान ता दिसणा नाय."

तुळाजीनं कप खाली ठेवला.
दोन वर्षांपूर्वी एक होडी पहाटे बंदराला लागली होती,
गेली होती त्याहून एक माणूस कमी घेऊन.
सुकाणूवर तुळाजी होता.
विचारणारे विचारून दमले,
तो एवढंच म्हणत राहिला, माका कळला नाय.

मी आधी लिहिलं होतं: जबाबदारी निश्चित करण्यात यावी.
ते खोडलं.
घरी हापूसची कलमं बांधतो मी, म्हणून ठाऊक आहे,
साल दोन्हीकडची तासावी लागते,
एकाच बाजूची तासली तर धरत नाही,
आणि जखमेला जखम लावून वर सुतळी आवळताना
झाडाला विचारत बसायचं नसतं.
लिहिलं:
कारण न कळल्यास खर्च निम्मा-निम्मा,
व जाळे उभय पक्षांनी एकत्र बसून सांधावे.

"खंय बसान?" त्यानं विचारलं. माझ्याकडे बघून, पण मला नव्हे.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
"माझ्या खळ्यात," म्हणाली.
"सावली आसता थंय."
खळ्याचं मी कागदावर घेतलं नाही.

तिनं सही केली, आडनावासकट, सावकाश.
त्यानं अंगठा दिला
आणि शाई पत्र्याच्या खांबाला पुसली,
जिथे सगळेच पुसतात.

माझे दीडशे.
ती म्हणाली, शंभर.
मी म्हटलं, एकशेवीस, वर चार सुके बांगडे, मी निवडीन ते.
"मोठे सोडून," तुळाजी म्हणाला.

बांगडे अजून यायचे आहेत.